अनंताला कमाल मर्यादा असते का?

१९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले, हे आम्हा नगरकरांना शाळेपासून पाठ असते. त्या ग्रंथात प्राचीन भारतीय गणितावर स्वतंत्र टिपण आहे, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. त्यात नेहरूंनी विभूतिभूषण दत्त आणि अवधेश नारायण सिंह यांच्या हिंदू गणिताच्या इतिहासाचा हवाला दिला आहे. यांतल्या सिंहांचा आणखी एक लेख त्याआधी दोन वर्षे, १९४२ मध्ये, अमरावतीत छापला गेला होता. त्याचा विषय होता ‘धवला’ या जैन टीकाग्रंथातले गणित, आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग अनंताविषयी होता.

‘धवला’ ही षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची टीका नवव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाली. तिची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीला शतकानुशतके बंदिस्त होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद आदींच्या खटपटीने त्यांच्या नकला सुरू झाल्या. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ पासून ग्रंथ खंडशः छापायला घेतला. सिंहांचा लेख त्याच्या चौथ्या खंडाला जोडलेला आहे.

तिसऱ्या खंडात एक प्रश्न येतो: मिथ्यादृष्टी जीवांची रास केवढी? वीरसेनांची रीत अशी. एका बाजूला अनंतानंत अवसर्पिणी-उत्सर्पिणींचे ‘समय’, म्हणजे काळाचे अविभाज्य कण मांडा. दुसऱ्या बाजूला जीवरास. इकडचा एक, तिकडचा एक असे जोडीने काढत चला. काळाची रास संपते, जीवांची संपत नाही. मोजणी न करता दोन राशींची तुलना करण्याची ही एकास-एक रीत आहे. जर्मन गणिती कँटर यांनी १८७४ पासून अनंत संचांचा जो सिद्धांत उभारला, त्याचा पायाही हीच रीत आहे.

येथवर आले की ‘कँटर आमच्याकडे हजार वर्षे आधीच होता’ असे लिहिण्याचा मोह होतो. अशी वाक्ये मी अनेक व्याख्यानांत ऐकली आहेत. मला ती मान्य नाहीत, आणि न मानण्याचे कारण गणिताचेच आहे. डावीकडे १, २, ३… आणि उजवीकडेही १, २, ३… मांडा. डावीकडच्या प्रत्येक संख्येची जोडी उजवीकडे तिच्या दुपटीशी लावा. डावी रास संपली, उजवीकडे साऱ्या विषम संख्या उरल्या. म्हणून उजवी रास मोठी ठरली का? नाही, राशी तर एकच आहेत. एका जोडणीत काही उरले, तर ‘डावी रास उजवीपेक्षा मोठी नाही’ एवढेच सिद्ध होते. खरोखर मोठी म्हणायची, तर प्रत्येक कल्पनीय जोडणीत उरते, हे दाखवावे लागते. वास्तव संख्यांबाबत ते कँटरनी दाखवले. वीरसेनांसमोर तो प्रश्न नव्हता. शिवाय जैन परंपरेतले काही प्रचंड आकडे आजच्या अर्थाने सांतच आहेत. वर्गित-संवर्गित क्रियेत संख्येला तिचाच घात देतात: २ चे ४, ४ चे २५६, आणि तिसऱ्या वेळी २५६ चा २५६ वा घात. हा आकडा ६१७ अंकी भरतो, पण संपतो.

मग वीरसेनांचे श्रेय कोणते? त्यांनी अनंत राशीला दुसऱ्या राशीच्या मापाने खालून सीमा घातली. ‘निदान एवढी तरी आहे’ हे त्यांचे विधान गणिती जातीचे आहे. त्याचे दुसरे टोक, ‘जास्तीत जास्त केवढी’, विसाव्या शतकात टोपॉलॉजीत सापडते.

टोपॉलॉजीत अवकाश म्हणजे बिंदूंचा संच आणि कोण कोणाच्या जवळ, याची व्यवस्था. १९२० च्या दशकात मॉस्कोचे अलेक्सांद्रोव्ह आणि उरिसोन यांनी विचारले: अवकाश संहत असेल, कोणतेही दोन बिंदू परस्परांपासून विभक्त परिसरांत ठेवता येत असतील, आणि प्रत्येक बिंदूपाशी पोहोचायला १, २, ३… असे मोजता येतील एवढेच परिसर पुरत असतील, तर एकूण बिंदू वास्तव संख्यांहून अधिक असू शकतात का? उरिसोन १९२४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुडून वारले, वय २६. प्रश्न पंचेचाळीस वर्षे तसाच राहिला. १९६९ मध्ये अलेक्सांद्रोव्ह यांचेच शिष्य अर्हांगेल्स्की यांनी उत्तर दिले: नाही. संहतपणाऐवजी, कोणत्याही विवृत आच्छादनातले गणनीय तुकडेच सारे अवकाश झाकायला पुरतात, एवढे गृहीत धरले तरी चालते.

यातली एकही अट काढता येत नाही. बिंदू विभक्त करण्याची अट सोडा: साऱ्या अवकाशाला एकच परिसर द्या, मग बिंदू हवे तेवढे घाला. आच्छादनाची सोडा: प्रत्येक बिंदूला स्वतःपुरता परिसर द्या, पुन्हा मर्यादा नाही. परिसरांची अट सोडली, तर संहत अवकाशही हवे तेवढे मोठे होतात. तिन्ही एकत्र आल्या की अनंताला छत मिळते. परिसरांची अट किंचित सैल करून प्रत्येक बिंदू हा गणनीय विवृत संचांचा छेद असावा, एवढेच मागितले, तर मात्र नेहमीच्या गृहीतकांवरून ते छत सिद्ध करता येत नाही, हे शेलाह यांनी दाखवले.

वीरसेनांपासून अर्हांगेल्स्कींपर्यंत सरळ वारसा दाखवणारा कोणताही दुवा नाही, आणि तो कल्पून घेण्याची गरजही नाही. ज्या राशीची मोजदाद अशक्य, तिच्याविषयीही पुराव्याने बोलता येते, हा विश्वास दोघांत समान आहे. आपल्या पूर्वजांचा गौरव करताना त्यांनी नेमके किती सिद्ध केले, याचीही खालची आणि वरची सीमा आपण सांगितली पाहिजे. अमरावतीचे ते खंड ग्रंथालयांत आहेत. कोणीही उघडून पडताळावेत.