पैलवान, धनी आणि गिऱ्हाईक

आपल्या सातारा-सांगलीकडे कुस्त्यांचे निकाल लोकांना तोंडपाठ असतात. आखाडा सुटल्यावर पैलवानाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. माझ्या वर्गात तालमीतली मुलं असायची. त्यातली काही पुढे बियाणं, पाइप, ट्रॅक्टर यांच्या विक्रीवर लागली. ‘मैदान मारणाऱ्या पोरावर दारोदार हिंडायची वेळ आली,’ असं लोक हळहळतात. मला ही हळहळ पटत नाही. खेळ आणि विक्री आपल्याकडे फार आधीपासून एकाच घरात नांदतात.

अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे घ्या. घोड्याच्या विद्येत पटाईत माणूस. १८८० साली त्यांनी सर्कस उभी केली. रिंगणात घोडा नाचवणं हे निम्मं काम, तिकिटं खपवणं हे उरलेलं निम्मं. दरबारात एक धनी राजी केला की भागायचं. तंबूत रोज संध्याकाळी नवा धनी.

पैलवानावर ही पाळी उशिरा आली, कारण त्याच्या दूध-तूप-बदामाला संस्थानिकांचा आधार होता. ८ मार्च १९४८ रोजी सांगली, औंध ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, पुढच्या मार्चात कोल्हापूर. तालमी राहिल्या, पण खुराकाचा धनी गेला.

या सांध्यावर नेमके उभे आहेत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा महाराज होते, राज्य नव्हतं. मग वर्गणी. गावकरी, दुकानदार, ओळखीपाळखीचे, सगळ्यांपुढे हात पसरावा लागला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आता याला तुम्ही वर्गणी म्हणा; मी विक्री म्हणतो. आणि विक्री कशाची? अजून न मिळालेल्या पदकाची! यापेक्षा अवघड माल कुठला?

पदक आलं. कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक. कराडहून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीने कर्ज फिटत नाही, म्हणून परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांची भरपाई केली. स्वतः लढायचं आणि मैदानही स्वतःच भरवायचं. १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले आणि महिन्याच्या पगाराला लागले.

तेव्हा दारोदार हिंडण्यात कमीपणा आहे, हे माझ्या गळी उतरत नाही. अडचण आहे ती वेगळीच. कुस्तीत पाठ मातीला लागली की हजारो लोकांसमक्ष निकाल लागतो आणि पैलवान अंग झाडून उठतो. गिऱ्हाईक कधी पाठ टेकवत नाही, आणि चीतही करत नाही. ‘बघू’, ‘ऊस गेल्यावर या’ म्हणतं. ही न सुटणारी कुस्ती पोरांना जड जाते. शिवाय मारलेली कुस्ती जन्मभर नावावर राहते. इथे एक तारीख उजाडली की टार्गेट पुन्हा शून्यापासून. नावाचा उपयोग होतो, नाही असं नाही. पहिल्या खेपेला ‘या पैलवान’ म्हणून चहा मिळतो. दुसऱ्या खेपेला पाइपचा भाव विचारतात.