२१४७४८३६४७ : ऑयलरची मूळ संख्या, कॉम्प्युटरची हद्द

एखाद्या गेममधला स्कोअर नेमका २१४,७४,८३,६४७ वर अडकून बसलेला तुम्ही पाहिला असेल. हा आकडा आला कुठून?

३१ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि १ वजा करा, की ही संख्या मिळते. बायनरीत लिहिली तर ओळीने ३१ एक. पूर्णांक साठवायला कॉम्प्युटर अनेकदा ३२ बिट वापरतो. त्यातला एक बिट धन-ऋण दाखवण्यात जातो. उरलेले ३१ भरले की जागा संपली. आणखी १ मिळवला, तर बऱ्याच ठिकाणी उत्तर एकदम ऋण होते.

गणितात मात्र ही संख्या कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध आहे, कारण ती मूळ संख्या आहे. लिओनार्ड ऑयलरने हे १७७२ मध्ये दाखवले, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. साध्या पद्धतीने तपासायचे तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. त्या साडेचार हजारांहून जास्त आहेत. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी, हे ऑयलरला ठाऊक होते. एवढ्या चाळणीतून शंभरही संख्या उरत नाहीत. त्यातल्या एकीनेही भाग जात नाही. खरी करामत आकडेमोडीत नाही, या चाळणीत आहे.

हिच्यापासून १९ अंकी परिपूर्ण संख्याही बनते: २३०५८४३००८१३९९५२१२८. स्वतःला सोडून हिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा हीच येते. याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधायच्या फंदात बहुधा कुणी पडणार नाही, कारण तिचा उपयोग काहीच नाही, असे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले. आज अशा पन्नासहून अधिक संख्या माहीत आहेत!

मूळ संख्या आहे म्हणून कॉम्प्युटरने ती निवडली, असे समजू नका. तो निव्वळ योगायोग. १६ बिटांची हद्द ३२,७६७. तिला ७ ने भाग जातो. ६४ बिटांची हद्द ९२२३३७२०३६८५४७७५८०७. तिलाही ७ ने भाग जातो.

२०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज २१४ कोटींपुढे निघाले, तेव्हा यूट्यूबने आपला काउंटर ६४ बिटांचा केल्याचे सांगितले. पुढची तारीख ठरलेली आहे. अनेक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. ते सेकंद १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, याच संख्येवर पोहोचतील. पुढच्याच सेकंदाला दुरुस्त न केलेल्या यंत्रणेला वाटेल, की आज १३ डिसेंबर १९०१ आहे. नव्या फोनमध्ये वेळ ६४ बिटांत असते, त्यामुळे त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती एकदा बसवून विसरलेल्या यंत्रांची: कारखान्यातले कंट्रोलर, जुने राउटर.