मागच्या बाकावरचा आवाज

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या दिवशी आम्ही सारे पुण्याहून गावी निघालो होतो. गाडी म्हणजे आमची जुनी जीप. १९८८ साली अण्णांनी घेतली, आणि अण्णा गेले तरी ती घरातच राहिली. खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरच्या फाट्याला वाईकडे वळलो. पुढे मी व माझा थोरला मुलगा. मागे समोरासमोरच्या दोन बाकांवर आई, माझी पत्नी, सूनबाई, नातवंडे आणि फराळाचे डबे. टेपवर एक जुने भावगीत लागले होते. मी मान डोलावीत गाडी हाकीत होतो. तोच मागून आईचा आवाज आला.

"अरे, काय लावलंयस ते आम्हाला काही कळत नाही. अण्णा होते तेव्हाही हेच. इतकी वर्षं मी मागं बसून नुसत्या तुमच्या माना डोलताना बघितल्या!"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मनात रुतून बसले. टेप १९९० साली बुधवार पेठेतून आणून बसविलेला. त्याचे दोन स्पीकर डॅशबोर्डाखाली, चालकाच्या गुडघ्यांपाशी. मागे डिझेल इंजिनाची घरघर, चाकांचा खडखडाट आणि वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री. चौतीस वर्षांत या घरातल्या कोणा पुरुषाच्या मनात आले नाही की मागेही कान आहेत!

मागे आणखी दोन स्पीकर बसवायचे मी तिथेच ठरविले. काम घेतले हाती, आणि माझ्या सवयीप्रमाणे त्याच्या इतिहासात शिरलो. जो जो वाचीत गेलो, तो तो ध्यानात आले की आमच्या जीपमध्ये घडले तेच थोड्याफार फरकाने सगळीकडे घडले होते. आवाज गाडीत आला खरा, पण मागच्या बाकापर्यंत पोहोचायला त्याला फार दिवस लागले.

कण्यातून येणारा बारीक आवाज सभेला ऐकू जाईल इतका मोठा करण्याचे श्रेय अमेरिकेत काम करणाऱ्या पीटर जेन्सन या डेन्मार्कच्या गृहस्थाला आणि त्याचा सहकारी प्रिडहॅम याला जाते. १९१५ च्या नाताळात सान फ्रान्सिस्कोत त्यांनी आपल्या यंत्राचा आवाज हजारो लोकांना ऐकविला. पुढे १९२५ साली राइस व केलॉग या दोघा इंजिनियरांनी कागदी शंकूचा स्पीकर शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे लहानसे वेटोळे. त्यातून वीज खेळली की ते मागेपुढे हलते आणि चिकटविलेल्या शंकूला हलविते. शंकू हवेला ढकलतो आणि आपल्याला गाणे ऐकू येते. शंभर वर्षे लोटली, पण माझ्या जीपमधला स्पीकरही मुळात हाच.

मोटारीत रेडिओ रुळविण्याचे काम शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनने केले. १९३० साली अटलांटिक सिटीत रेडिओ कारखानदारांचे अधिवेशन भरले होते. आत प्रदर्शनात मांडायला जागा नाही. तेव्हा या पठ्ठ्याने आपली मोटारच दाराबाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला, असे सांगतात. त्याने आपल्या रेडिओला 'मोटोरोला' हे नाव दिले. त्या काळी हे प्रकरण मोठे जिकिरीचे होते. नळ्यांच्या रेडिओला उच्च दाबाची वीज लागे. तिच्यासाठी निराळ्या बॅटऱ्या गाडीत कोंबाव्या लागत. आणि एवढे करून स्पीकर एकच! ज्याच्या हाती चाक, त्याच्याजवळ आवाज.

जीपची कथा आणखी निराळी. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने मोटार कारखान्यांकडे एका हलक्या, कोठेही जाईल अशा गाडीची मागणी केली. पहिला नमुना द्यायला मुदत अवघी ४९ दिवसांची. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने सप्टेंबरात तो हजर केला. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. त्यांतल्या कित्येकींवर बिनतारी यंत्रे बसविलेली असत. पण गंमत अशी, की इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर यंत्रात उतरे आणि हुकूम धड ऐकू येत नसे. म्हणून गाडीचे निरनिराळे पत्रे तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडीत. असा बंदोबस्त केलेल्या गाडीच्या बॉनेटवर क्रमांकापुढे 'एस' हे अक्षर रंगवीत. हे वाचून मी मनात नोंद करून ठेवली. तिचा उपयोग पुढे झाला.

युद्ध संपले आणि जीप आपल्याकडे आली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जीप खेडोपाडी पोहोचली, ती डोक्यावर कर्णा घेऊन. मुंबईच्या 'शिकागो रेडिओ'चे नाव त्या काळच्या पुढाऱ्यांच्या सभांच्या छायाचित्रांत ध्वनिक्षेपकावर हटकून दिसते. कर्ण्याची युक्ती सोपी आहे. अरुंद गळ्यातून निघालेला आवाज हळूहळू रुंदावत जातो, त्यामुळे थोड्या विजेत तो फार दूर जातो. मात्र त्याचे तोंड बाहेर, रस्त्याकडे. जीप साऱ्या गावाशी बोले. तिच्यात बसलेल्यांशी ती बोलत नसे.

मागच्या बाकाची आठवण प्रथम झाली, ती पन्नाशीच्या दशकात, अमेरिकेतील मोठ्या मोटारींत. जास्तीचे पैसे भरले की मागे एक आगाऊ स्पीकर मिळे, आणि पुढे एक बटण. ते फिरवून आवाज पुढे किती, मागे किती, हे ठरविता येई. ही चैन होती. आपल्याकडे ती उतरायला कॅसेट यावी लागली. फिलिप्सने १९६३ मध्ये लहान कॅसेट बाजारात आणली. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे कॅसेटी स्वस्त झाल्या आणि ट्रक, रिक्षा, जीपा गाऊ लागल्या. आमचा टेप त्याच लाटेतला.

इतके ज्ञान पदरी पडल्यावर मी बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीतून दोन स्पीकर आणले आणि स्वतःच्या हातांनी पुढच्या स्पीकरच्या तारांना जोडून टाकले. सुरुवातीला आवाज झकास आला. शिरवळ गाठेपर्यंत करपट वास सुटला, आणि टेप कायमचा मुका झाला! दोष ना विकणाऱ्याचा, ना यंत्राचा. माझ्या अर्धवट शहाणपणाचा.

वाईला एक जुना मिस्त्री आहे. त्याने तारा पाहिल्या आणि हसून म्हणाला, "काका, स्पीकर वाढवले म्हणून आवाज वाढत नसतो. सेटच्या अंगात जेवढा जीव, तेवढाच तो वाटून देणार. तुम्ही त्याच्याकडनं दुप्पट मागितलात."

गणित साधे होते. प्रत्येक स्पीकरचा रोध ४ ओहम. दोन समांतर जोडले की एकूण रोध २ ओहम होतो आणि सेटमधून दुप्पट वीज ओढली जाते. हौदाला एका तोटीऐवजी दोन तोट्या सोडाव्यात आणि पंप मात्र तोच ठेवावा, तसे. दोन्ही एकामागे एक जोडले असते तर रोध ८ ओहम झाला असता. सेट वाचला असता, पण आवाज मंदावला असता. खरा उपाय म्हणजे चार स्पीकरांना चार निराळ्या वाटा असलेला सेट घेणे. तोच घेतला. बॅटरीपासून स्वतंत्र तार आणली आणि बॅटरीपाशीच फ्यूज बसविला.

दुसरी अडचण जागेची. जीपला धड दार नाही, की पोकळ भिंत नाही. शंकू पुढे हवा ढकलतो तेव्हा त्याची पाठ हवा ओढते. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळल्या की खालचे सूर नाहीसे होतात. म्हणून बाकांखाली प्लायवुडच्या दोन बंद पेट्या केल्या. तारांची उलटसुलट होऊ नये म्हणून मिस्त्रीने टॉर्चचा सेल घेतला आणि प्रत्येक स्पीकरला क्षणभर लावला. शंकू बाहेर आला की ती बाजू धनाची. तिथे लाल दोरा बांधला. शेवटी इंजिन सुरू केले तो आत किणकिण ऐकू येऊ लागली. तेव्हा मला युद्धातल्या त्या तांब्याच्या पट्ट्या आठवल्या. सेटची अर्थिंगची तार रंगावरच आवळली होती. रंग खरवडून ती उघड्या लोखंडाला जोडली, आणि किणकिण थांबली. मिस्त्रीने माझ्याकडे जरा आदराने पाहिले. तेवढेच माझ्या वाचनाचे सार्थक!

या गणपतीत पुन्हा गावी निघालो. आई तिच्या नेहमीच्या जागी, मागे उजवीकडे. खंबाटकी मागे पडल्यावर मी तेच भावगीत लावले आणि आरशातून हळूच पाहिले. आईने डोळे मिटले होते. एका कडव्यापुरती तिची मान डोलली. दुसरे कडवे सुरू झाले, तशी तिने पुढे हात करून माझ्या खांद्याला स्पर्श केला.

"छान ऐकू येतंय रे. आता जरा बारीक कर. पुढं तुम्ही काय बोलता, तेही मला इतकी वर्षं ऐकू आलं नाही."

मी बटण फिरविले. सुरूरच्या फाट्यापासून गावापर्यंत आम्ही बोलतच गेलो.