जखम केवढी, इरादा केवढा

वस्तीवर हल्ला होतो. पोरगं रक्तानं माखून ठाण्यात जातं. ठाणे अंमलदार डोकं बघतो आणि म्हणतो, "दोनच टाके आहेत. मारामारी लिहू." म्हणजे खुनाचा प्रयत्न नाही. का? तर जखम लहान. मित्रांनो, ही थाप आहे, आणि ती थाप आहे हे कोर्टांच्या इतिहासातूनच दाखवता येतं.

इंडियन पिनल कोड १८६० चा, लागू झाला १ जानेवारी १८६२ पासून. त्यातलं कलम ३०७ जखमेपासून सुरूच होत नाही. ज्या इराद्यानं किंवा जाणिवेनं कृत्य केलं, त्यात माणूस मेला असता तर तो खून ठरला असता का, एवढाच त्याचा सवाल. 'हो' असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे इजा शिक्षा वाढवते. गुन्हा तिच्याविनाही पुरा होतो.

पण इरादा डोक्यात असतो. तो दिसावा कसा? १८६७ साली कॅसिडी खटल्यात मुंबई हायकोर्टापुढे हाच पेच होता. आरोपीनं बंदूक रोखली, पण तिला कॅप नव्हती, ती उडणारच नव्हती. कोर्ट म्हणालं, हे ३०७ मध्ये बसत नाही. प्रयत्नाचं साधं कलम ५११ लावा.

२२ जुलै १९३१. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सोलापूरच्या मार्शल लॉचा राग होता. हॉटसन बचावला. काडतूस सदोष असेल, नाहीतर खिशातलं पाकीट आडवं आलं असेल. १९३२ मध्ये त्याच हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती बोमंट यांनी ३०७ कायम ठेवलं. रोखून गोळी झाडली, इरादा स्पष्ट. नशिबानं वाचला त्याचं श्रेय आरोपीला नाही.

गव्हर्नर धडधाकट, तरी इरादा दिसला. आमच्या माणसाचं डोकं फुटतं, तरी दिसत नाही. असं कसं?

स्वतंत्र भारतातही कायदा तोच राहिला. १९८३ साली महाराष्ट्र सरकार विरुद्ध बळराम बामा पाटील या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, जीव जाईल अशीच जखम हवी असं नाही. जखमेवरून इरादा कळायला मदत होते, पण तो इतर परिस्थितीवरूनही काढता येतो. हत्यार कोणतं, घाव कुठं, किती, मारताना काय बोलले, आणि थांबले ते आपण होऊन की कुणी सोडवलं म्हणून.

दुसरी लढाई जातीची. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी चौघांची कत्तल झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आणि २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं खून सिद्ध मानला, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. तेव्हा मोठ्या गुन्ह्यात 'जातीच्या कारणावरून' हे सिद्ध करावं लागे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात, समोरचा अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरतं. आणि आरोपी त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर कोर्ट ते माहीत होतं असंच धरून चालतं.

१ जुलै २०२४ पासून ३०७ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ आहे. नंबर बदलला, सवाल तोच.

म्हणून ठाण्यात जाल तेव्हा नुसतं "मारलं" सांगू नका. कुऱ्हाड होती की काठी, डोक्यावर मारलं की पायावर, "जिवंत सोडू नका" कोण ओरडलं, कोण आडवं पडलं, हे त्याच दिवशी लिहून घ्या. सही करायच्या आधी फिर्याद वाचून दाखवणं हे अंमलदाराचं कर्तव्य आहे, तिची नक्कल फुकट देणंही. आणि वाढवून सांगू नका. उलटतपासणीत एक खोटं दहा खरी बुडवतं.

बाबासाहेबांनी १९२३ साली याच मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. कायदा वाचायचा असतो, तो त्यांनी वाचला. आता आपली पाळी.

जय भीम.