एका सापसुरळीचा इतिहास

लकडगंजच्या वखारींत रचलेल्या लाकडांच्या फटी म्हणजे कवड्या सापाला लपायला उत्तम जागा. हा साप बिनविषारी आणि निशाचर असतो. पाली, सापसुरळ्या हे त्याचे नेहमीचे खाद्य. आपल्याकडे भक्ष्य आणि भक्षक पूर्वापार एकत्र नांदत आले आहेत. पण अशा सापाचा भाऊबंद जहाजावरील मालातून दूरच्या बेटावर पोचला तर काय घडेल?

जावाच्या दक्षिणेस सुमारे ३५० किलोमीटरवर १३५ चौरस किलोमीटरचे ख्रिसमस बेट आहे. १६४३ साली नाताळच्या दिवशी एका इंग्रज जहाजाच्या कप्तानाने त्याला हे नाव दिले. तेथील एका तपकिरी सापसुरळीचे वर्णन बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये केले. तिच्या 'एमोइया नेटिव्हिटाटिस' या नावातही नाताळ आहेच! जंगलातील पाचोळ्यावर जेथे कवडसा पडे तेथे ती ऊन खात बसे. जगात इतरत्र ती कोठेही नव्हती; बेटावर मात्र १९७९ च्या पाहणीतही ती विपुल आढळली.

१९८७ च्या सुमारास कवड्याचा जवळचा नातलग, 'लायकोडॉन कॅप्युसिनस', बेटावर दिसला. सापसुरळ्या खाणाऱ्या अशा सापाशी तेथील प्राण्यांची कधी गाठच पडली नव्हती. पुढे स्थानिक सरपटणारे प्राणी घटू लागले. ही घट वस्तीच्या बाजूने सुरू होऊन बेटभर पसरली. परके मुंगळे, गोमी यांच्यावरही संशय आहे, तरी साप हे प्रमुख कारण मानले जाते.

जाग आली तेव्हा उशीर झाला होता. मोजक्या माद्या हाती लागल्या, नर एकही नाही. ऑगस्ट २०१० नंतर जंगलात ही सापसुरळी दिसली नाही. 'गम्प' नावाची शेवटची मादी ३१ मे २०१४ रोजी पिंजऱ्यात मेली आणि २०१७ मध्ये जात नामशेष जाहीर झाली. त्याच बेटावरील निळ्या शेपटीची सापसुरळी मात्र वेळीच पकडून वाढवल्यामुळे वाचली.

जे विपुल असते ते कोणी मोजत नाही, आणि घट झालेली कळते ती फार उशिरा. आपल्या शाळेच्या आवारातील सापसुरळीला विषारी समजून मुले दगड मारतात. ती विषारी नाही, हे त्यांना आपण सांगावेच. शिवाय महिन्यातून एकदा ती कोठे व किती दिसली याची नोंद वहीत करायला लावावी. काही वर्षांनी त्या वहीतून घट वेळेत कळू शकेल.