कोऱ्या सीडीचं रंगारी कुळ

लग्नाची सीडी घरच्या डीव्हीडी प्लेअरवर का लागत नसे, याचा धागा मला भिवंडीच्या एका डाइंगमध्ये सापडला. शेड कार्डवरच्या फिरोजी चिंधीशेजारी मी एक कोरी सीडी उलटी धरली होती. पाठीवर हिरवट-निळी झाक. डाइंग मास्तर सहज म्हणाले, "साहेब, हा पण डायच की!" मास्तरांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

भिवंडीची हकिकत सर्वांना पाठ आहे: 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, मग यंत्रमाग, मग गोदामं. व्हिडिओ सीडीची, म्हणजे व्हीसीडीचीही तशीच: 1993 चं मानक, 74 मिनिटांत बसणारा अर्धा सिनेमा, स्वस्त प्लेअर. पुढे ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअरने कोऱ्या सीडी गल्लोगल्ली पोचवल्या आणि प्रत्येक व्हिडिओ शूटिंगवाला लग्नं राइट करू लागला.

छापील सीडीत खड्डे साच्याने दाबलेले असतात, वर ॲल्युमिनियमचा मुलामा. राइट करायच्या सीडीत खड्डेच नसतात. प्लास्टिकच्या चकतीवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर आणि त्यावर चांदी किंवा सोनं असतं. राइटरचा लेझर तो रंग ठिकठिकाणी भाजतो. भाजलेल्या जागेवरून उजेड कमी परततो आणि प्लेअर त्यालाच खड्डा समजतो. ही युक्ती जपानच्या तायो युदेन कंपनीने 1988 मध्ये जगापुढे आणली. त्यासाठी रंगांची तीन घराणी वापरात आली: सायनीन, थॅलोसायनीन आणि अझो.

तिन्ही घराणी रंगाच्या कारखान्यातली आहेत. अझोची रासायनिक किल्ली 1858 मध्ये पीटर ग्रीसला सापडली, आणि आज कापडाच्या रंगांत अझोइतकं मोठं खानदान दुसरं नाही. व्हर्बेटिमच्या गडद निळ्या सीडीत तेच आहे. थॅलोसायनीन तर अपघाताने आलं. 1928 मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथमध्ये 'स्कॉटिश डाइज'च्या कारखान्यात पांढरा कच्चा माल शिजत होता. भांड्याच्या आतलं एनॅमल तडकलं, लोखंड उघडं पडलं आणि मालात निळसर-हिरवे कण दिसू लागले. त्याच रेणूत लोखंडाऐवजी तांबं बसवलं, की आपल्या डाइंगमधला फिरोजी तयार होतो.

सायनीनवर मात्र वाद आहे. फोटोग्राफीचे अभ्यासक म्हणतील, हा रंग फिल्मच्या दुनियेतून आला. 1873 मध्ये फोगेल या रसायनशास्त्रज्ञाने रंग मिसळून फोटोच्या काचा हिरव्या-पिवळ्या उजेडाला जाग्या केल्या, तेव्हापासून सायनीन कॅमेऱ्याचंच. मधला मुक्काम मला मान्य आहे, पण माहेर नाही. ग्रेव्हिल विल्यम्सने 1856 मध्ये हा निळा बनवला आणि तो रेशमावर चढवला गेला. सुंदर दिसला, पण उन्हात उडाला, म्हणून कापडाने त्याला सोडलं. दीडशे वर्षांनी सायनीनची सीडी खिडकीत ठेवली की खराब होते, ती याच स्वभावामुळे. त्याला टिकवायला धातूची जोड द्यावी लागली.

रंगाच्या या कुळकथेचा दुसरा प्रतिस्पर्धी जास्त वजनदार आहे. संगणकाचं मूळ मागातच आहे, जकार्डच्या भोकांच्या पुठ्ठ्यांत, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जकार्ड भिवंडीतही चालतात, त्यामुळे हे ऐकायला गोड लागतं. पण मागाचं सीडीशी ते नातं कल्पनेचं आहे. रंगाचं नातं देहाचं आहे, तो रेणू हातात धरता येतो. शिवाय सीडी प्लेअरवर का अडत असे, ते जकार्ड सांगू शकत नाही. रंग सांगतो.

डाइंग मास्तर ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड कधी पास करत नाही. तुकडा उन्हात नेतो, कारण एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात फसवतो. सीडीच्या रंगाचं हेच झालं. तो 780 नॅनोमीटरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त लेझरसाठी जुळवलेला होता. व्हीसीडी प्लेअरात तोच लेझर, म्हणून तिथे सीडी बहुधा सुरळीत चाले. 1996 मध्ये जपानात डीव्हीडी आली ती 650 नॅनोमीटरचा लाल लेझर घेऊन. लाल उजेडात हा रंग आरसा राहत नाही, उजेड पिऊन टाकतो. म्हणून पहिल्या पिढीतले एका लेझरचे डीव्हीडी प्लेअर दुकानातून आणलेली छापील व्हीसीडी वाचत, आणि त्याच चित्रांची राइट केलेली सीडी घातली की 'नो डिस्क' म्हणत. चित्र निर्दोष, फाइल निर्दोष, अडत होता फक्त रंग. सोनीने दोन लेझर बसवले, मग इतरांनीही वाट धरली.

पुन्हा पुन्हा राइट होणाऱ्या सीडीत रंग नसतोच, मिश्रधातू असतो. तिची अडचण वेगळी: परतणारा उजेड छापील सीडीच्या साधारण चौथाई, म्हणून जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. ती या कुळातली नव्हे.

राइट करायच्या डीव्हीडीला, म्हणजे डीव्हीडी-आरला, पुन्हा रंग लागला, या वेळी लाल लेझरसाठी जुळवलेला. मग ब्लू-रे आली, 405 नॅनोमीटरच्या जांभळ्या उजेडाची, आणि बहुतेकांनी रंग सोडून अजैविक थर धरला. तायो युदेनने मात्र रंग सोडला नाही. 2008 मध्ये रंगाची ब्लू-रे बाजारात आली. हिच्यावर लिहिलेली जागा काळी पडण्याऐवजी उजळते, आणि याच उलट्या चालीमुळे आधीचे कित्येक ब्लू-रे प्लेअर तिला वाचू शकले नाहीत.