फोनच्या पलीकडे कोण आहे?

१९५० च्या दशकाचा उत्तरार्ध. शिकागोतल्या एका मोठ्या कंपनीच्या हिशेब खात्यात तुम्ही उभे आहात. ऑफिस रिकामं होत आलंय. एका टेबलाशी टक्कल पडू लागलेला, नीटनेटक्या कपड्यांतला तरुण पेटी कॅशचा मेळ घालतोय. मेळ बसत नाही. चार सेंट, सहा सेंट, असा काहीतरी फरक येतो. दोन-तीन तास शोधायचं सोडून तो खिशात हात घालतो आणि कमी पडलेली चिल्लर स्वतःच भरून टाकतो. हे हिशेबशास्त्राला धरून नाही, असं पुढे त्याला वरचे लोक सांगणार आहेत. त्याचं उत्तर तयार आहे: ज्या काही सेंटांसाठी मी इतके तास बसायचं, त्याच्या कितीतरी पट पगार तुम्ही मला त्या तासांचा देता.

हा बॉब न्यूहार्ट. जन्म १९२९ चा, लोयोला विद्यापीठाचा पदवीधर, लष्करात दोन वर्षं काढून आलेला, वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडलेला. कामाचा कंटाळा घालवायला तो संध्याकाळी एड गॅलगर नावाच्या मित्राला फोन लावतो. एड जाहिरातीच्या धंद्यातला. फोनवर दोघं वेगवेगळी सोंगं घेतात: एक भलताच दावा करणार, दुसरा गंभीरपणे त्याची विचारपूस करणार. पुढे ही संभाषणं ध्वनिमुद्रित करून रेडिओ केंद्रांना विकण्याचा उद्योगही ते करून पाहतात. पैसे मिळत नाहीत. मग एडला न्यूयॉर्कला चांगली नोकरी लागते आणि तो निघून जातो.

इथे घाई करू नका, कारण सगळं इथेच घडतं. जोडीदार गेला, फोन हातात राहिला. दुसरा कुणी जोडीदार बॉब शोधत नाही. तो एकटाच बोलू लागतो आणि पलीकडचा माणूस गप्पच ठेवतो. फोनवरचा एकपात्री प्रकार त्यानं शोधलेला नाही. जॉर्ज जेसेल खूप आधी रंगमंचावरून आईला फोन करत असे, आणि शेली बर्मन याच सुमारास शिकागोतच असले प्रवेश करतोय. पण बॉबचं स्वतःचं काहीतरी वेगळं आहे, आणि ते ऐकायला कान द्यावा लागतो. पलीकडचा माणूस वेडंवाकडं काहीतरी बोललाय हे तुम्हाला बॉबच्या थांबण्यावरून कळतं. तो जरा चाचरतो, एखादा शब्द अर्धाच सोडतो, पुन्हा तिथूनच उचलतो. पलीकडचा आवाज तुम्हाला कधीच ऐकू येत नाही. तिकडचं बोलणं तुम्ही मनात रचता आणि आपणच रचलेल्यावर हसता.

उदाहरणार्थ, त्याचा लिंकनवरचा प्रवेश घ्या. गेटिसबर्गच्या भाषणाआधी लिंकनचा प्रसिद्धीप्रमुख त्याच्याशी फोनवर बोलतोय. लिंकनला भाषणाची सुरुवात बदलायची आहे, दाढी काढायची आहे, आणि प्रसिद्धीप्रमुख जीव मुठीत धरून त्याला समजावतोय की बाबा रे, यातलं काही करू नकोस. लिंकन एक अक्षरही बोलत नाही. तरी तो भोळा, हट्टी, थोडा मंद लिंकन तुमच्यापुढे उभा राहतो. जाहिरातवाल्यांनी माणसाचं काय करून ठेवलंय, यावरची इतकी कडक टीका मी फार कमी वेळा ऐकली आहे, आणि तीत आवाज एकदाही चढत नाही.

आता ह्यूस्टनला चला. फेब्रुवारी १९६०. टाइडलँड्स नावाच्या हॉटेलातला नाइटक्लब, टेबलांवर ग्लास, हवेत सिगारेटचा धूर. डॅन सॉर्किन या शिकागोच्या रेडिओ निवेदकानं बॉबच्या फिती वॉर्नर ब्रदर्सच्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचवल्या. ही कंपनी सुरू होऊन दोनच वर्षं झालेली, तीही अडचणीत. त्यांनी सांगितलं, पुढच्या क्लबमधल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करू. बॉबनं तोवर एकाही क्लबात पाऊल टाकलेलं नव्हतं. या ध्वनिमुद्रणासाठीच हा कार्यक्रम मिळवावा लागला.

तो मंचावर येतो. कोट, टाय, अंगावर अजून ऑफिसच. तुम्ही पहिल्या रांगेत आहात, त्याच्या कपाळावरचा घाम तुम्हाला दिसतो. त्याच्याकडे साहित्य मोजकंच. ते संपवून तो आत जातो, टाळ्या थांबत नाहीत, आणि क्लबचा माणूस त्याला म्हणतो, परत जा. माझ्याकडे आणखी काही नाही, बॉब सांगतो. तरी त्याला बाहेर ढकलतात. तेव्हा तो लोकांनाच विचारतो, मघाचं कोणतं पुन्हा ऐकायला आवडेल? ही हकीकत त्यानं स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे.

त्यानंतरची दोन वर्षं पटापट ओलांडू. ती रेकॉर्ड अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाते. विनोदी रेकॉर्डनं तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. १९६१ च्या ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान तिलाच, फ्रँक सिनात्रा आणि नॅट किंग कोल यांना मागे टाकून. एनबीसीवर त्याच्या नावाचा कार्यक्रम सुरू होतो, एमी आणि पीबडी पुरस्कार पटकावतो आणि एकाच हंगामात बंद पडतो. पुढची दहा वर्षं क्लब, पाहुणा म्हणून टीव्हीवर हजेरी, अधूनमधून सिनेमा.

१९७२. लॉस एंजेलिसमधला स्टुडिओ, तीन कॅमेरे, आणि प्रेक्षकांच्या बाकांवर तुम्ही. डेव्हिड डेव्हिस आणि लोरेन्झो म्युझिक यांनी त्याच्यासाठी मालिका लिहिली आहे, आणि माझ्या मते टीव्हीच्या इतिहासातल्या सर्वात समंजस निर्णयांपैकी एक त्यांनी घेतलाय: बॉब मानसशास्त्रज्ञ असेल. ज्याची सगळी कला ऐकण्यात आहे, त्याला ऐकण्याचाच पेशा. फोन आहेच, पण आता पलीकडची माणसंही समोर येऊन बसतात. कार्लिन नावाचा तक्रारखोर रुग्ण बडबडतो आणि कॅमेरा बॉबच्या चेहऱ्यावर राहतो. तिथे काय घडतं ते बघा. एक भुवई, एक आवंढा, बोलायला उघडून पुन्हा मिटलेलं तोंड. घरी बायको एमिली, म्हणजे सुझन प्लेशेट, त्याच्या तोडीस तोड. या जोडप्याला मूल नसेल ही बॉबची अट. मुलं शहाणी आणि बाप मूर्ख, असली मालिका त्याला करायची नव्हती.

एकदा निर्मात्यांकडून सूचना येते: वाक्यं जरा सलग म्हणता येतील का, भाग लांबतोय. बॉब शांतपणे सांगतो की या चाचरण्यावरच मी बेव्हर्ली हिल्समध्ये घर घेतलंय. विषय संपतो. टीव्हीला मिनिटा-मिनिटाचा हिशेब लागतो, आणि ज्याची कमाईच मधल्या रिकाम्या जागेवर आहे अशा माणसानं ती जागा सोडली नाही, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

काळात कसंही फिरता येतंय, तर आधी थोडं पुढे जाऊन येऊ. सप्टेंबर २०१३, लॉस एंजेलिस. 'द बिग बँग थिअरी'मधल्या प्रोफेसर प्रोटॉनसाठी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बॉबला अभिनयाचा पहिला एमी मिळतो, कित्येक नामांकनं हुकल्यावर. काही दिवसांनी मुख्य सोहळ्यात तो मंचावर येतो तेव्हा सभागृह उभं राहतं. तुम्हीही उभे राहा. २०२४ च्या जुलैत, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तो जाणार आहे.

आता १९९० कडे मागे फिरू. 'न्यूहार्ट' ही त्याची दुसरी मोठी मालिका आठ वर्षं चालून संपतेय. तीत तो व्हरमाँटमधल्या जुन्या अतिथिगृहाचा मालक, डिक. बायको जोआना, गावभर तऱ्हेवाईक माणसं. शेवटच्या भागात एक जपानी उद्योगपती गोल्फच्या मैदानासाठी सगळं गाव विकत घेतो. डिक तेवढा विकत नाही, आणि एक गोल्फचा चेंडू त्याच्या डोक्यात बसतो. खरा शेवट मोजक्याच लोकांना ठाऊक आहे. बाहेर फुटलं तरी चालेल म्हणून भलताच शेवट लिहून ठेवलाय, ज्यात डिक स्वर्गात जाऊन देवाला भेटतो. खऱ्या शेवटाची कल्पना, बॉबच्या सांगण्यानुसार, त्याची बायको जिनी हिच्या डोक्यातली.

अंधार. मग एक शयनगृह दिसू लागतं. अजून कुणी शब्दही बोललेलं नाही, पण बाकांवरून टाळ्या सुरू होतात. लोकांनी पलंग ओळखलाय, भिंत ओळखलीय. बारा वर्षांपूर्वी संपलेल्या मालिकेतली ही एमिलीची खोली. बॉब उठून बसतो, शेजारी झोपलेल्या बाईला जागं करतो, आपल्याला पडलेलं विचित्र स्वप्न सांगू लागतो. दिवा लागतो, ती कूस बदलते, आणि सुझन प्लेशेटचा चेहरा दिसताच स्टुडिओ असा किंचाळतो की दोघांनाही थांबावं लागतं. व्हरमाँट, अतिथिगृह, गावातले तीन तऱ्हेवाईक भाऊ, सगळं तो सांगतो. एमिली ऐकून घेते आणि बजावते की यापुढे झोपायच्या आधी जपानी जेवण बंद. मग स्वप्नातली जोआना आठवून तो तिला सुचवतो, तू जरा जास्त स्वेटर घालत जा.